हिरव्या गवतातली मेलेली झाडं

ऐरोलीच्या ऑफिसात माझं काम एकच. भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरांचे विमानातून काढलेले फोटो बघायचे आणि कॉम्प्युटरला झाडांच्या जाती कळाव्यात म्हणून एकेक झाड रंगवायचं. ओक हिरवा, पाइन निळा, मेलेलं झाड लाल.

एकदा एका उताराचा फोटो आला. गवत हिरवंगार, पण झाडांचे नुसते खराटे. टीमने सगळी झाडं लाल करून टाकली. आमच्या पारसिकच्या डोंगरावर गवत हिरवं म्हणजे पावसाळा, आणि भर पावसात ज्याला पान नाही ते झाड मेलेलंच. मला मात्र पटेना. अख्खा डोंगर एकदम कसा मरेल?

"टेन्शन नको घेऊस, सबमिट कर," टीम लीड म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. मी त्याच उताराचा ऑगस्टमधला फोटो हुडकून काढला. गवत वाळून पिवळं पडलेलं आणि झाडं पानांनी गच्च! तिकडे पाऊस थंडीत पडतो. तेव्हा गवत उगवतं आणि हे ओक पानं गाळून स्वस्थ उभे असतात.

दोन्ही फोटो मोठ्या स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. लीड बघतच राहिला.

"आयला, जिवंत आहेत सगळी. आता एवढं लाल पुसणार कोण?"

"ज्यांनी मारली ते," मी म्हटलं आणि चहाला गेले.

परत आले तेव्हा कोणी मान वर करत नव्हतं आणि अर्धा डोंगर जिवंत झाला होता.