लीमनचा नकार

लीमन प्रुइटचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. केस विंचरायचे डाव्या हातानं, फळीवरचा डबा काढायचा डाव्या हातानं, आणि चर्चमध्ये भजन रंगात आलं की सगळे दोन्ही हात वर करत तेव्हा हा एकच वर करी. शाळेच्या पिवळ्या बसचं दार उघडायचा दांडा तेवढा उजवीकडे असतो, पण तो कमरेच्या उंचीवर असतो म्हणून जमायचं. आमच्या टिलमन गावातली निम्मी पोरं त्याच्याच बसनं शाळेत गेली. पोर चढताना ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हणालं नाही तर हा बस हलवायचाच नाही. मागून लाकडाचे ट्रक भोंगे वाजवून वाजवून थकायचे. याला त्याचं काही नसे.

मी वॅनेटा. शाळेच्या बेसबॉलच्या मैदानावर माझी शेंगांची टपरी आहे. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या गरम शेंगा, आणि थंड कोक. लीमन कधी बाकावर बसायचा नाही, माझ्या टपरीच्या खांबाला टेकून सामना बघायचा. शेंगांचे पैसे मी त्याच्याकडून घेत नसे आणि तो सालपटं खाली टाकत नसे, एवढीच आमची दोस्ती.

त्याला अठराव्या वर्षी, शाळा संपता संपता, एका मोठ्या बेसबॉल संघानं चेंडू टाकायला उचललं होतं. गावानं मिरवणूक काढली होती म्हणे. मग खालच्या दर्जाच्या संघांतून, कुठल्या कुठल्या आडगावांतून बसनं फिरवला, आणि खांदा गेला तसा घरी पाठवून दिला. ना शिक्षण, ना खेळ. लाकूडगिरणीतले रिकामटेकडे त्याच्या तोंडावर म्हणायचे, “बसनं गेला, बसनं आला, आता बसच चालवतो.” लीमन हसायचा. मला मात्र त्या मेल्यांच्या डोक्यावर शेंगांचं पातेलं ओतावंसं वाटायचं. त्या वर्षांबद्दल त्यानं कुणाला चकार शब्द सांगितला नाही, सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही.

ही बहीण म्हणजे अर्लीन. तिचा नवरा समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर कामाला म्हणून गेला तो गेलाच. मागे राहिला डॉसन, चार वर्षांचा. त्याला लीमननंच वाढवला. मुलगा गुणी, आणि बोलणं इतकं कमी की आपल्याला संकोच वाटावा. मोठ्या माणसानं काही विचारलं की ‘हो, सर’, ‘हो, मॅम’. आमच्याकडे पोरं अशीच वाढवतात, पण लीमननं जरा जास्तच शिस्तीत वाढवला होता. नाही म्हणताना मी त्या पोराला कधी ऐकलं नाही.

डॉसन सोळाचा झाला आणि त्यानं टाकलेला चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या हातमोज्यात आदळल्याचा आवाज माझ्या टपरीपर्यंत यायला लागला. मग संघांचे पारखी यायला लागले. मैदानात घडीच्या खुर्च्या टाकून ओळीनं बसायचे, आणि डॉसननं हात मागे नेला रे नेला की सगळे एकदम वेग मोजायच्या गन वर करायचे. गन वर झाल्या की पोरगं आणखी जोर लावायचं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. बाजारात बैलाचे दात बघतात तसं वाटायचं मला. लीमन खांबाला टेकून त्यांच्याकडे बघत राहायचा, आणि त्या दिवशी शेंगा तशाच राहायच्या.

आमच्याकडे शाळा संपली की अशा पोरापुढं दोन वाटा असतात. जूनमध्ये संघ आपापली पोरं निवडतात. निवडलं तर सही करून थेट धंदेवाईक खेळात जायचं. नाहीतर युनिव्हर्सिटीत जायचं, आणि तिथं एकदा पाऊल टाकलं की तीन वर्षं कुठलाही संघ हात लावू शकत नाही. म्हणून पारखी हिवाळ्यातच घरी येऊन बसतात आणि विचारतात, आम्ही निवडला तर सही करेल का? घरच्यांनी नाही म्हटलं की बातमी सगळीकडे जाते आणि त्या पोरावर कुणी निवड वाया घालवत नाही.

टॉलबर्ट नावाचा म्हातारा पारखी जानेवारीत अर्लीनच्या स्वयंपाकघरात बसला होता. लोण्याचा केक माझा होता, त्यामुळे मीही होते. टॉलबर्ट सरळ बोलला. म्हणाला, वरच्या साहेबांना हल्ली कॉलेजचीच पोरं हवीत, त्यांचा अंदाज बांधता येतो. शाळेचं पोरगं म्हणजे न कापलेलं कलिंगड, आत लाल की पांढरं कुणाला ठाऊक. तरी मी भांडून भांडून याचं नाव वर नेलंय.

“आमच्याकडे आला तर त्याला मोजून चेंडू टाकू देऊ,” तो म्हणाला. “आमचा पैसा त्याच्या हातावर लागलेला असणार. कॉलेजच्या कोचचं काय अडकलंय त्याच्यात? त्याला तीनच वर्षं मिळतात. पिळून घेतो आणि सोडून देतो.”

लीमन म्हणाला, “मला पण हेच सांगितलं होतं तुम्ही लोकांनी.”

“तो काळ वेगळा होता, मिस्टर प्रुइट.”

“खांदा तोच आहे.”

हा नकारच होता. टॉलबर्टनं केकचा तुकडा संपवला, अर्लीनचे आभार मानले. जाताना दारात मला म्हणाला, बाई, चांगला माणूस आहे हा, पण चुकतोय. मी त्याला फटकारलं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पिणारच, त्यात तुझ्या बापाचं काय गेलं, असं काहीतरी बोलले. पुढं मला त्या बोलण्याची लाज वाटली, पण तेव्हा मलाही लीमनचंच पटत होतं. पदवी मिळेल, पोरगं चार पुस्तकं वाचेल, हात गेला तरी उपाशी मरणार नाही. यात चूक काय आहे?

डॉसनला कुणी विचारलं नाही असं नाही. लीमननंच विचारलं, “कॉलेज बरं, नाही का?” तो म्हणाला, “हो, सर.” टॉलबर्टनं आदल्या महिन्यात विचारलं होतं, सही करशील ना, तेव्हाही तो ‘हो, सर’च म्हणाला होता.

जूनमध्ये निवडीचा दिवस आला. अर्लीनच्या घरचा फोन वाजला नाही. डॉसन दिवसभर पायरीवर बसून होता, आणि संध्याकाळी उठून आईची मोटार धुतली.

युनिव्हर्सिटी आमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तिथला कोच हेंड्री नावाजलेला माणूस, गोडबोल्या, अर्लीनला वाढदिवसाचं कार्ड पाठवणारा. पहिल्याच वर्षी त्यानं डॉसनला दर शुक्रवारी सुरुवातीपासून चेंडू टाकणारा पिचर केला. आम्ही खूश. मग शुक्रवारी पूर्ण सामना टाकल्यावर रविवारी पुन्हा शेवटच्या इनिंगांना उतरवायला लागला. लीमन रेडिओवर ऐकायचा आणि सोमवारी बसमध्ये कुणाशी बोलायचा नाही. पोरं म्हणायची, मिस्टर लीमनना काय झालंय? रात्री फोन करून विचारायचा, हात कसा आहे? पलीकडून, ठीक आहे, सर.

ईस्टरला डॉसन घरी आला. जेवणात भाजलेलं डुकराचं मांस होतं, मक्याचा पाव होता, गोड चहा होता. मी समोरच बसले होते. पोरानं चहाचा भरलेला जग उचलला तो डाव्या हातानं.

लीमननं काटा ताटात ठेवला. अर्लीनला काही कळलं नाही, ती बोलतच होती. माझ्या मात्र लक्षात आलं, कारण जग डाव्या हातानं उचलणारा या घरात आधीच एकजण होता. जेवण झाल्यावर लीमन त्याला परसात घेऊन गेला. परत आला तेव्हा म्हणाला, ठीक आहे म्हणतोय. मग सिंकपाशी उभा राहून कितीतरी वेळ एकच ताट धूत राहिला. डॉसनला तिथून काढायचं तर नेणार कुठं? संघांची दारं तीन वर्षं बंद. तक्रार करावी तर शिष्यवृत्ती कोचच्या हातात. दोन्ही वाटा आपणच बंद केल्या हे त्याला त्या सिंकपाशी समजलं असावं.

जूनच्या सुरुवातीला युनिव्हर्सिटीच्या संघाची स्पर्धा आली. जिंकेल तो पुढं, हरेल तो घरी. आम्ही तिघं माझ्या गाडीनं गेलो. शुक्रवारी डॉसननं जवळजवळ पूर्ण सामना टाकला आणि जिंकून दिला. रविवारी दुपारी निर्णायक सामना होता. ऊन असं की बाकांना हात लागत नव्हता. सातव्या इनिंगला डॉसनच्या संघाचा पिचर ढेपाळला, आणि मैदानाच्या कडेला एक उंच पोरगं उठून हात मोकळा करायला लागलं. अर्लीन आनंदानं म्हणाली, “अगं, आपला डॉसन.”

लीमन पायऱ्या उतरून जाळीपाशी गेला. मी त्याच्या मागे गेले, मला राहवलं नाही. त्यानं कोचला हाक मारली. हेंड्री हसत आला.

“परवाच टाकलंय त्यानं, कोच,” लीमन म्हणाला. “आज नको.”

“मी त्याला विचारलं, मिस्टर प्रुइट. हात ठीक आहे ना म्हटलं. तो हो म्हणाला.”

“तो नाही म्हणत नाही. त्याला ते शिकवलेलंच नाही.”

“मग फार छान शिकवलंय तुम्ही,” हेंड्री म्हणाला, आणि टोपीला हात लावून परत गेला.

लीमन जाळीला धरून तिथंच उभा राहिला. मी म्हटलं, ओरड, पोराला हाक मार, काहीतरी कर. त्यानं तोंड उघडलं, पण लोक एवढे ओरडत होते की त्याचं मलाच ऐकू आलं नाही. डॉसननं पहिल्या दोघांना बाद केलं. तिसऱ्याला चेंडू टाकला आणि हात खाली सोडून एकदा झटकला, पाणी लागल्यावर झटकतो तसा. कोचकडे पाहिलं. कोचनं टाळ्या वाजवल्या. मग त्यानं आणखी एक चेंडू टाकला. तो कॅचरच्या डोक्यावरून मागच्या भिंतीला जाऊन लागला, आणि डॉसन कुणाकडे न बघता मैदानाबाहेर चालायला लागला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. अर्लीन मला विचारत होती, काय झालं, काय झालं गं वॅनेटा.

तिथल्या डॉक्टरांनी कोपर बांधून दिलं. आतला सांध्याचा बंध तुटला आहे, ऑपरेशन करावं लागेल, वर्ष दीड वर्ष खेळ नाही, पुढचं पुढं बघू, असं म्हणाले. कोच आत आला नाही, त्याचा सामना चालू होता. आम्ही पोराला घेऊन निघालो. मी गाडी चालवत होते, अर्लीन माझ्या शेजारी, मामा-भाचे मागे. ऊन कलत होतं. अर्लीन मधूनच डोळे पुसत होती आणि मला त्या कोचचा, टॉलबर्टचा, सगळ्या जगाचा राग येत होता, आणि खरं सांगायचं तर लीमनचाही.

मग मागून डॉसन म्हणाला, “मामा, तुझा खांदा गेला तेव्हा आवाज आला होता?”

जन्मात त्यानं मामाला हे विचारलं नव्हतं. मी आरशात पाहिलं. लीमन खिडकीबाहेर बघत होता.

“आला होता,” तो म्हणाला.

“मग काय केलंस?”

“पुढचा चेंडू टाकला.”

डॉसननं बांधलेल्या कोपराकडे पाहिलं. मग म्हणाला, “मीपण.”

लीमननं चेहरा हातांत झाकायला दोन्ही हात उचलले, आणि उजवा अर्ध्यातच अडला. अर्लीन मला म्हणाली, गाडी बाजूला घे. मी घेतली. खाली मात्र कुणीच उतरलं नाही.