एका लॉटचा माल

यहया चाचांनी भिवंडीत उभं आयुष्य सूत खरेदीत घालवलं. त्यांचा हट्ट एकच, माल एकाच लॉटचा हवा. दोन लॉटचं सूत एका ताग्यात गेलं की रंग पट्ट्यापट्ट्यांनी चढतो आणि व्यापारी तागा तोंडावर मारतो. त्यामुळे देवेश शेठच्या डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, नवा सर्व्हर आला आणि त्यात माहिती साठवायच्या डिस्क आणायचं काम तिथली खरेदी बघणाऱ्या चाचांवर पडलं, तेव्हा त्यांनी एकाच खोक्यातल्या, ओळीने नंबर असलेल्या डिस्क निवडून आणल्या आणि हबीबापुढे ऐटीत मांडल्या.

हबीबा डाइंगचे कॉम्प्युटर सांभाळायची. लूमवाल्याची लेक, बोलायला मऊ, पण कामात कुणाच्या बापाचं न ऐकणारी. नंबर बघून ती म्हणाली, "चाचा, निम्म्या बदलून आणा. दुसऱ्या लॉटच्या."

"बेटा, एक लॉटचा माल हाय. खोट दाखव ना."

"खोट न्हाय चाचा. एका लॉटच्या डिस्क एकत्र म्हाताऱ्या होतात, आणि जातात पण एकत्र."

चाचांनी निम्म्या बदलून आणल्या, पण बरेच दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. एका पोरीने आपल्याला माल शिकवावा?

पूर्वी हिशेब, गेट, कॅमेरे, रंगांची शेड, म्हणजे कोणत्या छटेला कोणता रंग किती याची मापं, यांना वेगवेगळे कॉम्प्युटर होते. आता ते सगळे एकाच मशीनमध्ये, चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे राहणार होते. कोणाला आज किती जागा लागते आणि पुढे कोण किती फुगणार, याचा हबीबाने अंदाज बांधला. कॅमेरे सगळ्यांत खादाड निघाले. वर तिने बरीच जागा मोकळी सोडली, एक जादा डिस्क नुसती बसवून ठेवली, आणि दोन डिस्क एकदम गेल्या तरी काही हरवू नये अशी मांडणी केली.

"एवढी जागा रिकामी ठेवून काय पूजा घालायची हाय?" शेठ कुरकुरले.

"शेठ, भरलेल्या घरात दुरुस्ती करता येत न्हाय."

सगळ्याची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवायची तिची मागणी मात्र शेठनी दिवाळीनंतरवर ढकलली.

त्या मशीनमध्ये भाऊ मास्तर होते. म्हणजे त्यांची सगळी शेड होती. मास्तर चाचांचे जिवलग, रंगाचं माप नजरेत असलेला माणूस. शेवटच्या आजारपणात हबीबाने त्यांच्या उशाशी बसून एकेक शेड विचारून भरून घेतली होती. दुसरीकडे ती शेड कुठेच नव्हती.

एका शुक्रवारी चाचा नमाजाहून परतले तर हबीबा मशीनसमोर बसलेली. एक डिस्क गेली होती. जादा डिस्क आपोआप कामाला लागली होती, पण बाकीच्यांवरून वाचून गेलेलीचा मजकूर तिच्यात भरेपर्यंत त्यांच्यावर ताण होता. तेवढ्यात दुसरी गेली. आता आणखी एक गेली असती तर सगळंच संपलं असतं, आणि तिसरी चुका करू लागली होती.

हबीबाने कॅमेरे बंद केले, गेट बंद केलं, एकेक बिऱ्हाड झोपवून मशीनचा भार उतरवला. शेठ गेटवरून ओरडत होते. तिने मान वर केली नाही. चाचा तिच्याशेजारी स्टुलावर बसून राहिले.

संध्याकाळी जादा डिस्क भरली. हबीबाने शेड उघडली आणि मास्तरांची जांभळी पडद्यावर आली. चाचांचे डोळे भरले. मग त्यांनी गेलेल्या दोन आणि आजारी तिसरीचे नंबर पाहिले. तिन्ही त्यांच्या पहिल्या खोक्यातल्या होत्या. बाकीच्याही त्यातल्याच असत्या तर, हे हबीबाने बोलून दाखवलं नाही. त्याबद्दल चाचांना तिचा फार आदर वाटला.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच डिस्क आणायला गेले. दुकानदाराने त्यांची सवय ओळखून एका खोक्यातून ओळीने डिस्क काढायला घेतल्या. चाचांनी त्याचा हात धरला.

"एक याच्यातली दे, एक दुसऱ्या खोक्यातली," ते म्हणाले. "माझा भाऊ मास्तर ठेवायचा हाय त्याच्यात."