तिसऱ्यांदा विचारण्याआधी

आमच्या तुलसी नगरातल्या मराठी मंडळात भुताची गोष्ट सांगावी ती शशिकलाताईंनीच. बाकीचे पैंजण वाजवतात, कुत्री रडवतात. ताई एक साधं वाक्य घेतात आणि तेच परत परत म्हणतात. मी एकदा तोंडावर म्हटलं, "ताई, तेच तेच ऐकून कंटाळा येतो." त्या हसल्या. "पहिल्यांदा माणूस नुसतं ऐकतो, दुसऱ्यांदा थबकतो. तिसऱ्यांदा काय होणार ते त्याला आधीच कळलेलं असतं, म्हणून तर तो घाबरतो." मला पटलं होतं, पण कबूल कोण करतंय.

यंदा गणपतीत, दुपारच्या कार्यक्रमात, त्या एका रिकाम्या डाकबंगल्याची गोष्ट सांगत होत्या. गोष्टीतली म्हातारी सारखी विचारते, "मागचं दार लावलंस का?" सभागृह चिडीचूप. तेवढ्यात पहिल्या रांगेतून त्यांचे यजमान, कारखान्यातून निवृत्त झालेले विनायकराव, म्हणाले, "अगं, शमिकाला शाळेतून आणलंस का?"

लोक दचकले आणि खूश झाले. शमिका त्यांची मुलगी, पुण्यात नोकरी करते, हे सगळ्यांना ठाऊक. नवरा-बायकोनं मिळून हे बसवलंय असंच वाटलं. मागून मंडळातला प्रतीक म्हणाला, "काका, क्या टाइमिंग है." मीही मूर्खासारखी टाळी वाजवली.

ताई हसल्या नाहीत. "आणलं हं," एवढंच म्हणून त्यांनी गोष्ट पुढे नेली, पण म्हातारीचं वाक्य काही पुन्हा घेतलं नाही. ताईंनी वाक्य गाळलं असं आजवर कधी झालं नव्हतं.

"अगं, शमिकाला शाळेतून आणलंस का?" आता विनायकरावांच्या आवाजात काळजी होती. लोक मजेत श्वास रोखून बसले होते.

ताईंनी माईक ठेवला. गोष्ट अर्धी टाकून त्या लगबगीनं स्टेजवरून उतरल्या. तिसऱ्यांदा विचारायच्या आत त्यांना नवऱ्यापाशी पोचायचं होतं, हे मला दिसत होतं आणि मला फार भीती वाटली. त्यांनी विनायकरावांचा हात धरला.

विनायकरावांनी वर पाहिलं, अदबीनं हात सोडवून घेतला आणि म्हणाले, "तुम्ही शमिकाच्या शाळेतल्या बाई ना? तिला न्यायला अजून कोणी आलं नाही का हो?"

लोक टाळ्या वाजवत होते.

"येतेय तिची आई," ताई म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.