फुरसतीची व्युत्पत्ती

मावशीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन लोणावळ्यात झालं, म्हणून ती आमच्याकडे राहिली. ती आंदर मावळातल्या खेड्यातली, शेतकरी घरातली. रिकामं बसलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, गॅसजवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी ती सारखी विचारायची, लसूण सोलू का, घड्या घालू का. मी नको म्हणायचे. मग ती दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशी बसून राहायची.

मी तेव्हा एका इंग्रजी-मराठी कोशासाठी शब्दांची मुळं शोधून लिहीत होते. एका दुपारी संपादकांशी फोनवर ‘लेझर’ या शब्दाबद्दल बोलणं झालं. फोन ठेवल्यावर मावशीनं विचारलं, "माझ्या डोळ्याला परत लेझर मारायचं हाय का?"

हा लेझर वेगळा, मी सांगितलं. हा म्हणजे फुरसत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मुभा असणं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘लेझिर’ झालं, तिथंही आधी मुभाच; इंग्रजीत त्याचा मोकळा वेळ झाला. लायसन्स हा शब्दही त्याच मुळातला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी बसायला बी लायसन लागतंय," ती म्हणाली. कोशात मी याहून बरंच लांब लिहिलं होतं.

पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, डोळा उत्तम आहे, आता घरी जाऊन कामाला लागलं तरी चालेल. संध्याकाळी तिच्या मुलाचा फोन आला. भात कापणीला आलं होतं. आई कधी येते, एवढंच त्याला विचारायचं होतं.

"डाक्टरनी अजून सोडलं न्हाई," मावशी म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

"खरंच का ताई?" त्यानं विचारलं.

मावशी खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, आठवडाभर तरी वाकायचं नाही म्हणालेत.

कापणीला त्यानं बायकोच्या माहेरची माणसं बोलावली. मावशी आमच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसली. दुपारी झोपायची, उठल्यावर चहा मागायची, साखर कमी पडली तर तसं सांगायची. एकदा तिनं माझ्या नवऱ्याला भेळ आणायला पाठवलं.

आठवड्यानं तिनं आपणहून पिशवी भरली. मी स्टँडवर सोडायला गेले. गाडी आल्यावर तिनं विचारलं, "दुसऱ्या डोळ्याचं कवा करायचं म्हनाले?"

मी म्हटलं, त्यातला मोतीबिंदू अजून पिकलेला नाही. तिनं मान डोलावली आणि गाडीत चढली.