पट्टी कुठं टेकली होती, ते मी पाहिलंय

"तू खालीच थांब. पट्टी तेवढी वर ठेव."

बंगल्यातले आबा ओट्यावरून बोलले. मग मोजणीच्या साहेबांकडं वळून म्हणाले, "वस्तीतली हाय ती. माझं काय नसतं, पण घरात चालत न्हाई, राव."

साहेब हसले. मी खालीच थांबले. पाय चिखलात. उंचीची पट्टी छातीएवढ्या ओट्यावर उभी केली आणि दोन्ही हात वर करून धरून ठेवली. साहेबांनी दुर्बिणीतून आकडा वाचला, वहीत लिहिला.

मी बी.ए. झालेय. समतेवरची पत्रकं लिहिते, बाजारात उभी राहून वाटते. त्या दिवशी मात्र पट्टी धरून राहिले. भ्याले. आई त्याच आबांच्या टोमॅटोत खुरपायला जाते. आमच्या घराची वाट त्यांच्याच वावरातून. आणि मी मोजणीवर रोजानं लागलेली, पट्टी धरायला.

मोजणी कसली ते सांगते. आमची बौद्धांची वस्ती जुन्नर तालुक्यात, धरणाच्या काठाला. धरण तुडुंब भरल्यावर पाणी जिथवर चढेल तिथं रेघ आखायची. रेघेपासून ठरावीक अंतर मोकळं ठेवायचं. त्यात नवं बांधकाम नाही, आणि विनापरवाना वाढवलेलं असेल तर पाडायचं. नियमाशी माझं भांडण नाही. ते पाणी आम्हीही पितो. पण पट्टी जितकी उंच टेकते, तितकी जागा कागदावर उंच होते, पाण्यापासून लांब जाते. हे त्या दिवशी मला कळत नव्हतं.

दुपारी आमच्या घरी आलो. साहेब म्हणाले, "मोरीच्या खड्ड्यात ठेव."

"खड्ड्यात कशाला, साहेब?"

"सगळ्यात खालची जागा घ्यायची असते. धर नीट."

मी धरली. नीट धरली. स्वतःच्या घराची उंची स्वतःच्या हातानं खाली उतरवली.

मग नोटीस आली. पत्र्याच्या घराला लागून आम्ही विटांची एक खोली काढलीय, तेवढीच पक्की. ती त्या मोकळ्या ठेवायच्या अंतरात. पाडा. बंगला आमच्यापेक्षा पाण्याच्या जवळ. तो त्या अंतराच्या बाहेर.

मी तक्रार लिहायला बसले तर आईनं कागद ओढून घेतला. "गप ऱ्हा बाई. खोली गेली तर गेली. वाट गेली तर उडत येणार हायेस का घरी?"

तिचं खोटं नव्हतं. चार दिवस मी कागदाला हात लावला नाही. पाचव्या दिवशी मोरीत भांडी घासत होते. पाणी खड्ड्यातून निघालं, उतारानं खाली गेलं, थेट बंगल्याच्या कुंपणाशी. मी हात तसाच ठेवून बघत राहिले. मागच्या वर्षी आबांनीच ग्रामपंचायतीत तक्रार दिली होती. 'वस्तीचं सांडपाणी उतारानं आमच्या कुंपणात येतं, बंदोबस्त व्हावा.' खाली त्यांची सही.

म्हणजे आमच्या मोरीचा खड्डासुद्धा त्यांच्या अंगणापेक्षा उंच.

ग्रामपंचायतीत अर्ज देऊन त्या तक्रारीची नक्कल काढली. आळेफाट्यावर तिच्या झेरॉक्स केल्या. मोजणीवर हरकत लिहून दिली, तिची तालुक्याला सुनावणी लागली. आबा पुढच्या खुर्चीवर बसलेले. मी उभी.

अधिकारी म्हणाले, "तुला मोजणीतलं काय कळतं?"

"पट्टी मी धरली होती, साहेब. मला ओट्यावर चढू दिलं नाही, म्हणून पट्टीचा पाय माझ्या डोळ्यांपुढं होता. ओट्यावर टेकलेला. जमिनीवर नाही." आणि मी झेरॉक्स टेबलावर ठेवली. "पाणी वर चढून त्यांच्या कुंपणात जातं का, ते त्यांना विचारा."

आबा हसले. "लई शिकली राव पोरगी."

बाकी कुणी हसलं नाही. अधिकाऱ्यांनी सही दोनदा बघितली. मोजणी पुन्हा करा म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात आबा जवळ येऊन हळूच बोलले. "आईला सांग, उद्यापासनं येऊ नको. आन् वाट कुणाची हाय, ते तुला ठावं हाय."

दुसऱ्या दिवशी वाटेवर काटेरी तार होती. आता आम्ही काठाकाठानं, गाळातून जातो. आई माझ्याशी बोलत नाही. रस्त्यावर मागं मोटरसायकल वाजली की मी वळून बघते, आबांची माणसं तर नाहीत.

परवा फेरमोजणी आहे. पट्टी धरायला दुसरा माणूस आणणार म्हणे. आणू द्या. मी त्याच्याशेजारी उभी राहणार आहे. बंगल्याच्या अंगणात, मोरीच्या खड्ड्याशी, प्रत्येक ठिकाणी. भीत भीतच जाणार आहे. पण दोन्ही घरी पट्टी जमिनीला टेकल्याशिवाय एकही आकडा वहीत चढू देणार नाही.