जवाईबापू काळजीला बसतात

सोमवार, माघातली सकाळ. स्थळ: बालाघाट, माझ्या नणंदेच्या घरची बाहेरची खोली. हजर: मी, माझे यजमान, नणंद आणि बॅग भरून तयार असलेली तिची मुलगी. दाराशी गल्लीतले ऑटोवाले काका. गैरहजर: जवाईबापू. कारण: झोपले आहेत.

हे कारण वाचून बाहेरच्या माणसाला काही वाटणार नाही. पण आमच्या वॉर्डात कुणालाही विचारा, पृथ्वीच्या पाठीवर जवाईबापूंइतका जागा माणूस दुसरा नाही. जवाईबापू म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. घरच्या जावयाला आमच्याकडे कोणी नावाने हाक मारत नाही आणि यांनी तर सासरच्याच गल्लीत घर घेतलं, त्यामुळे भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत अख्ख्या वॉर्डाचे ते जावई झाले. उभी नोकरी उकव्याच्या खाणीवर, पाळीचा भोंगा वाजवण्याच्या कामात गेली. भोंगा चुकेल या धास्तीने ते कधी धड झोपले नाहीत. निवृत्त झाल्यावर भोंगा सुटला, धास्ती तेवढी पेन्शनीसारखी घरी येत राहिली.

त्यांची काळजी गबाळी नसते, हे आधी सांगायला हवं. ती अतिशय व्यवस्थित असते. एकदा आम्ही सगळे परसवाड्याला लग्नाला गेलो. पंगतीत हे मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसलेले. वाढपी म्हणाला, "बापू, पिशवी ठेवा बाजूले." यांनी ती आणखी जवळ ओढली. मला वाटलं, आहेराची काही मोलाची वस्तू असेल. जेवण झाल्यावर हळूच विचारलं, तर पिशवीत घरच्या गॅसचा रेग्युलेटर! "घरी ठेवला असता तं तो बंद हाये का चालू, हा घोर राह्यला असता, वैनी. आता सोबतच हाये. चिंता मिटली." एवढं बोलून त्यांनी पिशवीत हात घालून तो आहे ना, हे पाहून घेतलं.

रात्री जागायलाही हरकत नव्हती, पण त्यांना एकट्याने जागणं हा स्वार्थीपणा वाटे. नणंदेला हलवून विचारत, "ऐकलं का, झोपली काय?" ती म्हणे, "झोपली होती." "मंग झोप, झोप. मले वाटलं, तुले झोप येऊन नाही राह्यली." वॉर्डाने मात्र या जागेपणाचा पुरेपूर उपयोग करून घेतला. कुणाला पहाटेची गाडी असली की तो आदल्या दिवशी ओट्यावर येऊन सांगे, "जवाईबापू, उद्या उठवजा बरं." आमच्या गल्लीत घड्याळाला गजर लावणं लोक विसरूनच गेले. बापू वेळेवर फोन करत, यात शंका नाही. पण त्याआधी अर्धा तास आणखी एक फोन येई: "अजून टाइम हाये. आरामात झोपा."

उपाय सगळ्यांनी केले. खसखशीचं दूध झालं, तळपायाला तूप झालं. जायफळ उगाळून दिलं तर ते जास्त पडलं असेल का, या विचारात रात्र गेली. शेवटी मीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई हुशार. त्यांनी औषध थोडं दिलं आणि पथ्य मोठं: काळजी बंद करू नका, तिला वेळ ठरवून द्या. संध्याकाळी अर्धा तास बसून मन भरून करा. इतर वेळी आली तर तिला सांगा, संध्याकाळी ये.

जवाईबापूंनी हे अक्षरशः पाळलं. पाच वाजले की हातपाय धुऊन, इस्त्रीचा सदरा घालून ते ओट्यावर खुर्चीत बसत. कोणी भेटायला आलं तर नणंद दारातूनच सांगे, "थांबा जरा. ते काळजीले बसले हायेत." आठवड्याभरात वॉर्डाने याचीही सोय पाहिली. शेजारीण म्हणे, "बापू, बसलेच हाय तं आमच्या पोट्ट्याच्या रिझल्टची बी थोडी करून घ्या." कुणी कोर्टातली तारीख आणून देई, कुणी गाभण म्हैस. बापू नाही म्हणत नसत. डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून दुसऱ्याच्या म्हशीची इतक्या मनापासून काळजी करत, की मालक निर्धास्त होऊन पान खायला जाई. झोपही थोडी थोडी लागायला लागली होती. तेवढ्यात भाचीची ऑर्डर आली.

नागपूरच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी. एकुलती एक मुलगी, कधी घर सोडून न राहिलेली. बापूंनी तिला "जाऊ नको" म्हटलं नाही. फक्त अर्ध्या तासाचे दोन तास झाले, मग काळजी पुन्हा रात्रपाळीला आली. डोळे लाल झाले. भाची मला म्हणाली, "मामी, पापाचं असंच चाललं तर मी जॉइन करणार नाही. कळवून टाकते तसं." मी तिला दटावलं, पण तिने फोन हातात घेऊन ठेवला होता, हे मी पाहिलं.

काल पाच वाजता बापू सदरा घालून बाहेर आले, तर खुर्चीत भाची बसलेली. "पापा, आज तुम्ही नाही. आज मी बसते." आणि तिने मोठ्याने सुरुवात केली. "गाडी लेट झाली तर गोंदियाहून पुढची गाडी चुकेल. होस्टेलच्या रूमच्या दाराची कडी ढिली असली तर? नाइट ड्यूटीत पेशंटची सलाइन संपत आली अन् माझा डोळा लागला तर?" बापू ओट्याच्या पायरीवर बसून कान देऊन ऐकत होते. सलाइनपाशी ते चमकले. "हे तं माझ्या ध्यानातच नाही आलं," म्हणाले. शेवटी ती म्हणाली, "अन् इकडे पापा एकटेच जागत बसले तर?" उठून आत जाताना मला म्हणाले, "वैनी, पोट्टी तयार झाली. एक बी काळजी सोडली नाही तिनं." जेवले आणि आडवे झाले. ते अजून आडवेच आहेत.

आता गाडीची वेळ झालेली, आणि प्रश्न एकच: उठवायचं की नाही?

"उठवा त्यायले," नणंद कुजबुजली. "नाही तं जन्मभर मले बोलतीन."

"उठवलं तं गोंदियापर्यंत म्हणून निघतीन," माझे यजमान म्हणाले, "अन् नागपुरात होस्टेलच्या गेटावर खाट टाकतीन."

"मंग टाकू द्या नं. बाप हाये."

"लेडीज होस्टेल हाये."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी मी निकाल द्यायला वेळ लावत नाही. आज मी घड्याळाकडे पाहत राहिले. भाची स्वतःच आत गेली. रजईवरूनच तिने त्यांच्या पायांना हात लावला. बाहेर यायला तिने बराच वेळ घेतला. "झोपू द्या, मामी," ती म्हणाली. "मी पापाला झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं."

ऑटोवाले काकांनी ऑटो सुरू केली नाही. बॅगेसकट भाचीला बसवून त्यांनी आणि माझ्या यजमानांनी ऑटो चौकापर्यंत ढकलत नेली. शेजारणीने कुकर गॅसवरून उतरवला. भाजीवाला गल्लीत वळला, तसं कुणीतरी ओठांवर बोट ठेवून बापूंच्या घराकडे खूण केली, आणि त्या भल्या माणसाने मेथी, पालक, वांगी असं सगळं दारोदार जाऊन कानात सांगितलं.

गाडी गेली. यजमानांचा स्टेशनवरून फोन आला की जागा खिडकीजवळची मिळाली, आणि ते परस्पर कचेरीत जात आहेत. नणंद आतल्या दाराशी उभी राहून ऐकत होती. मला म्हणाली, "हे घोरते, वैनी! इतके वर्ष झाले लग्नाले, मले मालूमच नव्हतं." मग पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली आणि जाता जाता म्हणाली, "उठले की तुम्हीच सांगजा. माझ्याच्यानं नाही होणार."

म्हणून मी इथे दाराशी खुर्ची टाकून बसले आहे. पहिलं वाक्य ठरवलं आहे: जवाईबापू, गाडी अगदी वेळेवर निघाली. दुसरंही आहे: जागा खिडकीजवळची मिळाली. पण ते लगेच विचारतील, पोट्टी मले उठवाले आली होती काय? तिथून पुढे काय सांगायचं, ते अजून जुळलेलं नाही. ऊन ओट्यावरून खाली उतरलं आहे. आतलं घोरणं आत्ताच थांबलं, आणि खाट करकरली.