प्लास्टरचे दोन चेहरे

ती घटना आठवली की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. त्या नवऱ्यावर राग आहेच, पण त्याआधी माझा माझ्यावर आहे. तेव्हा मी कोल्हापुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो.

दुपारी चारच्या सुमारास तिशीची एक बाई आली. डोळा काळानिळा, नाक सुजलेलं, ओठ फाटलेला. नवरा मारतो, म्हणाली. ठाणे अंमलदार लिहून घ्यायला बसतोय तोवर नवरा मागोमाग हजर. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, तोंडात सारखं 'साहेब, साहेब'.

"साहेब, हिचं कामच हे आहे. मालिकांच्या शूटिंगला खोट्या जखमा करून देते. माझ्यावर रुसली की स्वतःच्या तोंडावर करते. हा परवाचाच व्हिडिओ बघा."

त्यानं मोबाइल पुढे केला. हीच बाई स्वतःच्या गालावर लेटेक्स, म्हणजे पातळ रबर, थापत होती, वर लाल-जांभळा रंग भरत होती. शेवटी तिनं ती जखम सालीसारखी ओढून काढली आणि हसली. अख्खं ठाणं हसलं. मीही हसलो.

"बाई, तोंड धुऊन या जावा," अंमलदार म्हणाला.

ती माझ्याकडे वळली. "हात लावून बघा की साहेब. निघतंय काय बघा."

आणि मी काय केलं? खोट्या तक्रारीला काय शिक्षा असते, यावर तिला भाषण दिलं! वैद्यकीय तपासणीची यादी, म्हणजे डॉक्टरांच्या नावे ठाण्याचं पत्र, लिहायची आणि महिला शिपायाबरोबर तिला सरकारी दवाखान्यात पाठवायचं, एवढंच माझं काम होतं. दोन मिनिटांचं. ते केलं नाही. उलट नवऱ्याला चहा पाजला आणि त्याच्याच मोटारसायकलवर बसवून तिला घरी लावून दिलं.

आठवड्यानं शिवाजी पेठेतले एक म्हातारे रंगभूषाकार आले. तिला हे काम त्यांनीच शिकवलेलं, सगळे त्यांना मास्तर म्हणत. खुर्चीवर न बसताच त्यांनी टॉवेलात गुंडाळलेल्या दोन वस्तू टेबलावर मांडल्या. दोन्ही प्लास्टरचे चेहरे, दोन्ही तिचेच.

"रबराची जखम तोंडावर नीट बसाय पायजे, तर आधी तोंडाचा साचा घेऊन प्लास्टर वतावं लागतंय," मास्तर म्हणाले. "ह्यो चेहरा गेल्या वर्सीचा. ह्यो परवाचा. तिचं तोंड माझ्यासमोर धुऊन मग घेतलाय."

मी दोन्हींवरून बोट फिरवलं. जुन्याचं नाक सरळ होतं. नव्याचं मधूनच डावीकडे कललेलं होतं.

"तिनंच घ्याय लावला साहेब. नाकावर लेप चढताना पोरगी थरथरत हुती, पर थांबा म्हणली न्हाय. तोंड धुऊन या म्हणलासा न्हवं तुमी? म्हणली, मास्तर, प्लास्टरला रंग नसतोय, हे न्या तेंच्याकडं." त्यांचा आवाज चढला. "कामावर नवराच सोडतोय, त्योच नेतोय. आन् तुमच्या दारात ती मेली तरी परत यायची न्हाय!"

महिला हवालदाराला घेऊन मी तसाच मास्तरांच्या कारखान्यात गेलो, ती तिथंच कामाला होती, तिचा जबाब घेतला, यादी स्वतःच्या हातानं लिहिली. संध्याकाळी डॉक्टरांचा अहवाल आला. नाकाचं हाड मोडलेलं, डाव्या कानाचा पडदा फाटलेला. नाक आधीचं होतं. कान मात्र आमच्या ठाण्यातून घरी नेल्यावर त्याच संध्याकाळी फोडलेला, तक्रार केली म्हणून.

नवऱ्याला आणला. तोच साळसूद चेहरा, पुन्हा तोच मोबाइल. ती हसते तिथं मी व्हिडिओ थांबवला.

"नाक बघ. सरळ आहे. कधीचा हा व्हिडिओ?"

"परवाचा... म्हणजे, दिवाळीतला असेल साहेब."

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. मी नवा चेहरा त्याच्यापुढे सरकवला. "ह्याचा मेकअप पूस. पूस म्हणतो ना!"

तो हळूच म्हणाला, "साहेब, ती खोटं बोलते हे तुम्हीच तर म्हणाला होता."

हात शिवशिवत होते. उचलला नाही. उचलला असता तर केस बिघडली असती, आणि तो म्हणाला ते खरंच होतं.

गुळगुळीत बोलणाऱ्याचं पटकन पटतं आणि मार खाल्लेल्या माणसाला धड बोलता येत नाही, हे इतकी वर्षं खाकी घालूनही मला तोवर कळलं नव्हतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत अंगावर जखम असलेलं कुणीही माझ्या ठाण्यातून यादीशिवाय परत गेलं नाही. पण त्याचा तिला काय उपयोग?

नवऱ्याला शिक्षा झाली त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मी तिच्या शेजारी उभा राहिलो. त्या दिवशी तुम्हाला घरी पाठवलं ही माझी चूक, मला माफ करा, असं बरंच काही बोललो. ती समोर बघत राहिली. मला वाटलं, रागानं बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"काय म्हणलासा साहेब? त्या कानानं ऐकू येत न्हाय. ह्या अंगाला या."

मी वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला गेलो आणि सगळं परत पहिल्यापासून सांगितलं.